छापण्यापूर्वी वाचून दाखवली आहे

माझी थोरली बहीण चार पानी साप्ताहिक काढते आणि ते माझ्या छापखान्यात छापलं जातं. माझ्या मागच्या अकरा वर्षांच्या डोकेदुखीचा सगळा इतिहास या एका वाक्यात आला. पहिल्या पानावर नावाखाली बारीक अक्षरात ‘दर गुरुवारी प्रसिद्ध होते’ असं छापलेलं असतं. ते मीच छापतो आणि दर वेळी मला ओशाळल्यासारखं होतं, कारण गुरुवारी ते निघतंच असं नाही. शुक्रवारी निघतं, शनिवारी निघतं, आणि एकदा तर सोमवारी निघालं, तेव्हा आमच्या हिने पुढच्या अंकाची पानं लावायला घेतली होती. ही म्हणजे माझी बायको. कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम तिचं, मशीन माझं, आणि आम्हा दोघांना ताटकळत ठेवण्याचं काम ताईचं.

उशीर कशामुळे होतो, तर ताईच्या पद्धतीमुळे. कुणाविरुद्ध काही छापायचं असलं की ती आधी त्या माणसाकडे जाते आणि पूर्ण बातमी त्याला मोठ्याने वाचून दाखवते. फोनवर नाही, चिठ्ठी पाठवून नाही. स्वतः जाते, समोर बसते आणि मथळ्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचते. मग विचारते, यात काही चुकीचं आहे का? तो जे म्हणेल ते लिहून घेते, आणि लिहून घेतलेलं पुन्हा त्याला वाचून दाखवते. साहेब बैठकीत असले तर बाहेरच्या बाकावर बसते. साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी जाते. इकडे कागद कापून तयार, प्लेट तयार, आणि मी मशीनपाशी हाताची घडी घालून उभा.

ही सवय तिला कोर्टात लागली. एकोणतीस वर्षं ती कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलायचा, ही टाइप करायची, आणि मग ते त्याला वाचून दाखवायचं, त्याने मान डोलावली की सही. ती सांगते की आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस दचकतो. निम्मे लोक म्हणतात, असं नव्हतं म्हणायचं मला, आणि खरी गोष्ट तिथून पुढे बाहेर येते. तिचा वाचायचा आवाजही कोर्टातलाच राहिला आहे, एकदम सपाट. खुनाचा आरोप असो की तुंबलेलं गटार, किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचते. समोरच्याला राग धरायलाही कुठे जागा सापडत नाही.

लग्न तिने केलं नाही. का नाही, ते तिलाच विचारा. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, सुचलं नाही. छापखान्याच्या वरच्या खोलीत ती राहते. खोलीत एक कॉट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि जुन्या अंकांचे गठ्ठे. निवृत्त झाल्यावर आता ती जरा स्वस्थ बसेल अशी आमची समजूत होती. ती स्वस्थ बसली पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी दवाखाना समितीच्या बायका जिना चढून वर आल्या.

ही समिती म्हणजे आमच्या वस्तीतल्या सहा बायका. त्यांच्या म्होरक्या शिलाईवाल्या मावशी, चौकातल्या दुकानात कपडे शिवतात. दर सोमवारी सकाळी या सहाजणी सरकारी दवाखान्यात जातात आणि कुठलं औषध आहे, कुठलं नाही, डॉक्टर किती वाजता आले, हे सगळं वहीत लिहितात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढूनही टाकता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडे तीन वह्या भरल्या होत्या आणि त्या कुठेच छापून येत नव्हत्या. मोठी वर्तमानपत्रं म्हणाली, जाहिरात द्या. ताईने त्या तिन्ही वह्या एका बैठकीत वाचून काढल्या आणि खाली येऊन मला म्हणाली, तुझं मशीन गुरुवारी रिकामं असतं ना? मी हो म्हणालो. तिथेच फसलो.

सांगायलाच हवं की पद्धत खुळचट वाटली तरी तिचं चाललं होतं. एका रस्त्याच्या ठेकेदाराला तिने बातमी वाचून दाखवली, तर तो अर्धा तास तिच्या अंगावर ओरडला. तिने सगळं लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं, शिव्यांसकट, त्याच सपाट आवाजात. तो चरफडत म्हणाला, बाई, तेवढ्या शिव्या काढा. तिने काढल्या आणि तिथे कंसात ‘येथे अपशब्द’ असं लिहिलं. पाणी खात्याच्या इंजिनिअरने तर बातमी ऐकून घेतली, चहा पाजला आणि संध्याकाळच्या आत व्हॉल्व बदलून टाकला. ताई हसत परत आली. इथे पहिल्या पानावर वीतभर जागा मोकळी पडली होती.

“बातमी मेली,” मी वैतागून म्हणालो.

“पाणी आलं,” ती म्हणाली.

अशा प्रत्येक बातमीच्या खाली, तिरक्या अक्षरात, एक ओळ असते: ‘ही बातमी छापण्यापूर्वी संबंधितांना वाचून दाखवली आहे.’ त्यांचं काही म्हणणं असेल तर ते त्याच्या पुढे येतं. नसेल तर, ‘त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही.’ साप्ताहिकाचा कागद हलका, फोटो काळपट, मथळे नीरस. लोक ते वाचतात ते त्या ओळीसाठी. चहाच्या टपरीवर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, ‘खाली ओळ आहे का बघ. ओळ आहे? मग खरं आहे.’ ताईची सगळी अब्रू त्या एका ओळीत आहे, आणि अकरा वर्षांत ती ओळ एकदाही खोटी नव्हती.

मग आमच्यावर मदतीची कृपा झाली.

‘नागरी संस्था व स्वतंत्र माध्यमे बळकटीकरण प्रकल्प’ असं त्या कृपेचं पूर्ण नाव. राजधानीत त्यांचं ऑफिस, पैसा परदेशातला, आणि आमच्या भागासाठी नेमलेले एक साहेब. आमची ही त्यांना पहिल्या दिवसापासून बळकटसाहेब म्हणायला लागली आणि तेच नाव रूढ झालं. माणूस वाईट नव्हता. अदबीने बोलायचा, आल्यागेल्याची चौकशी करायचा, जिन्यावर ताईची पिशवी धरायचा. पण त्याच्याकडे चौऱ्याऐंशी प्रश्नांचा एक फॉर्म होता. तुमच्याकडे लिखित तंटा-निवारण धोरण आहे का? ताईने लिहिलं, आम्ही भांडतो. तुमच्या संस्थेची पाच वर्षांनंतरची कल्पना काय? तिने लिहिलं, मी बहात्तर वर्षांची असेन.

मग शिबिरं सुरू झाली. हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, भिंतीवर रंगीत चिटोऱ्या, आणि ‘तुमच्या संस्थेला झाड समजा, तिची मुळं कोणती ते चिटोरीवर लिहा.’ शिलाईवाल्या मावशींना बदलाचा मार्ग कागदावर काढायला सांगितला, तर त्यांनी बाहीचा कट काढला आणि त्या दुपारी दुकानात परत गेल्या, कारण गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्या आठवड्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा सोमवारची वही कोरी राहिली, कारण सहाच्या सहा जणी बळकट व्हायला गेल्या होत्या. मी हे बळकटसाहेबांना बोलून दाखवलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि ‘मनुष्यबळाची मर्यादा’ असं लिहून घेतलं. मी कपाळावर हात मारला.

तरी एका बाबतीत मी आणि बळकटसाहेब एका बाजूला होतो. ताईची वाचून दाखवायची पद्धत त्यांना मुळीच पटली नाही. बातमी छापण्याआधी ज्याच्याविरुद्ध आहे त्यालाच दाखवायची म्हणजे स्वातंत्र्य कुठे राहिलं? जगात कुठलंही चांगलं वर्तमानपत्र असं करत नाही. एक फोन करावा, म्हणणं विचारावं, संपलं. मला आतून गुदगुल्या झाल्या. अकरा वर्षं मी हेच सांगत होतो, फक्त मला ते असं शिबिरातल्या भाषेत सांगता येत नव्हतं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बातमी बदलायची की नाही ते मीच ठरवते. पण कुणाबद्दल त्याच्या पाठीमागे लिहायचं नाही, एवढं मी पाळते.” बळकटसाहेब म्हणाले, तत्त्व म्हणून छान आहे.

अट मात्र त्यांनी घातलीच. पुढचे तीन महिने अंक गुरुवारी सकाळी दहाला बाहेर पडला पाहिजे. नियमितपणा हा त्यांच्या फॉर्ममधला एकोणचाळिसावा मुद्दा होता. तो जमला तर एक नवं छपाईचं मशीन मिळणार होतं. मशीन साप्ताहिकाचं, पण ठेवायचं माझ्याकडे. माझं जुनं मशीन दर शंभर प्रतींना कागद गिळतं, त्याचे रोलर मी तीनदा बदललेत, आणि त्याच्या आवाजाने माझा उजवा कान गेल्यात जमा आहे. नव्या मशीनचं चित्र मी भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. लपवण्यात काय अर्थ आहे, मला ते हवं होतं. आठ आठवडे ताईने धावपळ करून अंक दहाच्या आत काढला. मी तिच्या मागे घड्याळ घेऊन फिरायचो.

नवव्या आठवड्यातल्या सोमवारी दवाखाना समितीला लसींचा फ्रीज बंद सापडला. नुसता बंद नाही, आतून कोमट. लसीच्या बाटल्यांवर एक ठिपका असतो, लस खराब झाली की त्याचा रंग बदलतो. सगळे ठिपके बदलले होते. मंगळवारी लहान मुलांच्या लसीकरणाचा दिवस, शंभराच्या वर आयांना मुलं घेऊन परत जावं लागणार होतं. फ्रीजची खोली कुलूपबंद होती म्हणून सोमवारी कुलूप तोडेपर्यंत चार दिवस कुणाला कळलं नाही, आणि किल्ली स्टोअरकीपरकडे असते, तो रजेवर गेला होता. हे दवाखान्यातल्याच माणसांनी मावशींना सांगितलं. ताईने सोमवारी संध्याकाळीच बातमी लिहिली. मथळा होता, ‘चार दिवस फ्रीज बंद, किल्ली घेऊन स्टोअरकीपर रजेवर.’

आणि मंगळवारी सकाळी ताईला राजधानीला जावं लागलं. बळकटसाहेबांच्या ऑफिसातच दोन दिवसांचं शिबिर होतं, हजेरी सक्तीची. विषय होता संपादकीय स्वातंत्र्य. निघताना तिने मला मशीनपाशी गाठलं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना तिने सकाळीच बातमी वाचून दाखवली होती. ते म्हणाले होते, चौकशी करतो. राहिला स्टोअरकीपर. “तो पलीकडच्या गल्लीत राहतो, टाकीच्या समोरचं घर,” ती म्हणाली. “बुधवारी जा आणि वाचून दाखव. पूर्ण वाच, थोडक्यात सांगू नकोस. काही म्हणाला तर मला फोन कर, मी सांगेन ते बदल. त्याआधी छापू नकोस.” मी म्हणालो, बरं बाई, जातो.

बुधवारी काय झालं ते मी आता सरळ सांगतो. सकाळी मशीनने कागद गिळला. दुपारी शाई पातळ झाली. चार वाजता बळकटसाहेबांचा फोन आला की उद्या दहाला ऑफिसातल्या एक बाई नियमितपणा तपासायला येतील. मी हात पुसले, बातमीचा कागद घेतला आणि दारापर्यंत गेलो. तिथे उभा राहून मी विचार केला. रजेवर गेलेला माणूस घरी कशाला सापडतोय? सापडला तर भांडेल. भांडला तर ताईला फोन, ताई शिबिरात, मग बदल, मग पान पुन्हा लावा, मग दहा वाजले. आणि जगातलं कुठलंच चांगलं वर्तमानपत्र असं करत नाही. मी परत आत आलो. गल्ली ओलांडायला तीन मिनिटं लागली असती.

आमच्या हिने कॉम्प्युटरवरून मान वळवून विचारलं, वाचून झालं का? मी हो म्हणालो. काही म्हणाला का? मी म्हणालो, नाही. साच्यातली ओळ पानावर होतीच, तिने फक्त पुढचं वाक्य टाकलं: ‘त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही.’ सहा वाजता ताईचा फोन आला. तिने तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला फारसा त्रास झाला नाही.

गुरुवारी दहाला अंक बाहेर होता. तपासणीच्या बाईंनी त्याचा फोटो काढला, खूण केली आणि मशीनच्या जागेची मापं घेतली.

शुक्रवारी स्टोअरकीपर निलंबित झाला. शनिवारी बळकटसाहेबांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. बातमी आली आणि अठ्ठेचाळीस तासांत कारवाई झाली. यालाच प्रभाव म्हणतात, यासाठीच तर हा प्रकल्प आहे. त्याबद्दलचा मजकूर त्यांनी प्रकल्पाच्या पत्रिकेसाठी पाठवलाही होता. ताई आदल्या दिवशीच परत आली होती. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, तुझं मशीन आलंच समज. ती खूश नव्हती. कारवाई इतक्या चटकन होत नाही, अकरा वर्षांत कधी झाली नाही, असं ती स्वतःशीच म्हणत होती.

त्याच दिवशी दुपारी एक बाई छापखान्यात आल्या. पन्नाशीच्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हाताला धरून आणणारं कुणी नाही, भिंतीला हात लावत आल्या. ताईने उठून त्यांना खुर्ची दिली. बाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. एक निलंबनाचा हुकूम, आणि त्याला टाचलेलं आमच्या अंकाचं कात्रण. हुकमात लिहिलं होतं की सदर बातमी संबंधितांना वाचून दाखवली असता त्यांनी कोणतीही दुरुस्ती सुचवलेली नाही, सबब ती त्यांना मान्य आहे.

“आमच्याकडे कुणी आलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “कोण आलं होतं, कधी आलं होतं, एवढंच विचारायला आले.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मशीन चालू होतं, मी ते उगाचच बंद केलं. आमची ही कॉम्प्युटरपाशी उठून उभी राहिली.

“तू गेला होतास?” ताईने विचारलं.

“नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही ओढली, पेन उघडलं आणि बाईंना म्हणाली, सांगा, मी लिहून घेते. मी जायला लागलो तर मान वर न करता म्हणाली, “तू इथून हलायचं नाहीस. ऐक.”

मी ऐकलं. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून नवरा रजेवर होता. दर दोन तासांनी थेंब घालायचे, घरात दुसरं कुणी नाही. रजेवर जाताना त्याने फ्रीजच्या खोलीची किल्ली मोठ्या डॉक्टरांकडे दिली होती आणि वहीत त्यांची सही घेतली होती. फ्रीज मधूनच बंद पडतो, हे त्याने त्याआधी तीनदा लेखी कळवलं होतं, आणि त्या पत्रांवर दवाखान्याचे शिक्के होते. सगळ्याच्या नकला घरी कपाटात आहेत. कुणी विचारायला आलं असतं तर पाच मिनिटांत काढून दिल्या असत्या. निवृत्तीला सात महिने राहिलेत. हे सगळं त्या न रडता बोलल्या. शेवटी म्हणाल्या, लोक म्हणतात खाली ओळ आहे, म्हणजे खरं असणार. आता आम्ही कुणाकुणाला सांगत बसायचं?

ताईने लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. त्या सपाट आवाजात ते मला ऐकवत नव्हतं. कोर्टात साक्षीदार का दचकतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी तर साक्षीदारही नव्हतो.

बाई गेल्यावर माझी बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढचे चार दिवसही बोलली नाही. ताई मात्र बोलली. मोठ्या डॉक्टरांनी बातमी ऐकून घेताना किल्लीबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणजे ते आपल्याला वापरून मोकळे झाले, असं ती म्हणाली. “त्यांचं मी बघते. त्यांना पुन्हा वाचून दाखवीन. पण त्यांच्या हातात काठी आपण दिली.” आपण म्हणाली. तू म्हणाली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी तिने दुरुस्ती लिहिली. आमच्याकडे नियम असा की चूक जेवढ्या जागेत झाली तेवढ्याच जागेत, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती यायची. म्हणजे पहिलं पान, चार कॉलमी मथळा. तिने बळकटसाहेबांना कळवलं की पत्रिकेतला तो मजकूर काढा, तो खोटा आहे. साहेब गडबडले. पत्रिका छापून झाली होती. मग त्यांनी समजुतीच्या स्वरात एक मार्ग सुचवला. दुरुस्ती जरूर द्यावी, पण आतल्या पानात, चौकटीत, संयत भाषेत. वरच्या देणगीदारांना पहिल्या पानावर असं काही दिसलं तर विश्वासार्हतेचा प्रश्न उभा राहील. ताई म्हणाली, उभा राहू दे, तो आहेच. मग म्हणाली, तुम्ही आम्हाला मजबूत करायला आलात ना, मग थोडा भार टाकून बघा. साहेबांनी हे बहुधा लिहून घेतलं असावं. मंगळवारी पत्र आलं की मशीनचा विचार सध्या स्थगित ठेवण्यात येत आहे. मी भिंतीवरचं चित्र काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही निघाला.

बुधवारी सकाळी पानाचा पहिला छाप निघाला. ताईने तो पुन्हा वाचला आणि माझ्यापुढे धरला.

“स्टोअरकीपरला वाचून दाखवायचं आहे,” ती म्हणाली. “तू जा.”

मी म्हणालो, तू जा, तुझं ऐकतील ते. तिथे माझं तोंड कोण बघणार? तिने कागद तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, “बातमी तुझ्याबद्दलही आहे. तुला आधी इथे वाचून दाखवू का?” मी कागद घेतला आणि निघालो. चिडूनच निघालो. ताईवर चिडलो, बळकटसाहेबांवर चिडलो, गिळलेल्या कागदावर, पातळ शाईवर, तपासणीच्या बाईंवर, आणि टाकीच्या समोर पोचलो तरी यादी संपत नव्हती. खरंच तीन मिनिटं लागली.

दार स्टोअरकीपरनेच उघडलं. बारीक चणीचा माणूस, घरातल्या सदऱ्यावर, हातात औषधाची छोटी बाटली. मी कोण आणि कशासाठी आलो ते सांगितलं. तो बाजूला झाला, आत या म्हणाला. बायको कॉटवर पडली होती. त्याने आधी तिच्या डोळ्यात थेंब घातले, कापसाने गाल पुसला, घड्याळात पाहिलं आणि मग माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसला. मी वाचायला लागलो. ताईसारखा आवाज मला येत नाही. किल्ली, सही, तीन पत्रं, शिक्के, सगळं वाचलं. ‘सदर बातमी संबंधितांना वाचून दाखवण्यात आली नव्हती. साप्ताहिकाच्या मुद्रकाने ती वाचून न दाखवता छापली व वाचून दाखवल्याचे खोटे सांगितले. मुद्रक हा संपादिकेचा सख्खा भाऊ आहे.’ इथे थांबलो, आणि पुढचं वाचलं. शेवटी पद्धतीप्रमाणे विचारलं, यात काही चुकीचं आहे का?

त्याने जरा विचार केला. म्हणाला, पत्रं दोन आणि तिसरं स्मरणपत्र, तेवढं नीट करा. मी नीट केलं. तो आता आरडाओरड करील, निदान दार दाखवील, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. तो मघाची बाटली हातात फिरवत बसला होता.

“त्या बुधवारी मी दिवसभर घरीच होतो,” तो म्हणाला.

मी कागद पुन्हा गुडघ्यावर पसरला. काहीतरी विचारायचं म्हणून नाही, तर विचारायलाच हवं म्हणून, मी विचारलं, “हेही घालू का?”

“घाला,” तो म्हणाला.

मी पेन काढून समासात लिहिलं. अक्षर गिचमिड आलं, म्हणून ते खोडून खाली पुन्हा नीट लिहिलं. मग त्याला ते वाचून दाखवलं.